जीव आहे त्यात अजून

दागिन्यांची हौस असलेल्या बायका पुष्कळ असतात. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, ते त्यांच्या नवऱ्यांनी म्हणावं. मी सांगतोय ती बाई निराळी. नव्या दागिन्याचं तिला काडीचं कौतुक नसतं. सराफाच्या काचेपुढून ती मानही न वळवता जाते. पण कुणाच्या तरी कपाटाच्या तळाशी, हिंगाच्या डबीत, सोनाराच्या गुलाबी कागदात गुंडाळलेली एक तुटकी ठुशी पडून आहे एवढं तिच्या कानावर येऊ द्या, तिची रात्रीची झोप गेलीच. अशी एखादी बाई प्रत्येक घराण्यात असते. आमच्या घराण्यात ती वेळणेश्वरची काकू.

काकूचं स्वतःचं सोनं म्हणाल तर मंगळसूत्र आणि दोन बांगड्या, तेवढंच. तरीही तिला ओक्याबोक्या गळ्यानं कुणी पाहिलेलं नाही. रोज तिच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी डागिना असतो. दुरुस्त होऊन आला, पण न्यायला कुणी फिरकलं नाही, की काकू तो घालून वावरते. मोत्यांना हवा लागली पाहिजे, म्हणते. त्यामुळे तिच्या स्वयंपाकघरात ती विळीवर नारळ खवते आहे आणि गळ्यात वज्रटीक, किंवा गोठ्यात गवत टाकते आहे आणि कानात बुगड्या, हे दृश्य नवं नाही. काका सकाळी चहाला बसले की तिच्या गळ्याकडे बघून विचारतात, "आज कोण आलंय?" काकूही सरळ उत्तर देते, "गिरगावच्या वन्संची चिंचपेटी." मग दोघं चहा पितात.

वेळणेश्वर तुम्हाला माहीत असेलच. गुहागर तालुक्यातलं, समुद्राला टेकलेलं, माडांत बुडालेलं गाव. शंकराचं देऊळ किनाऱ्याजवळच आहे आणि ते गोखले, वेलणकर अशा कितीतरी कोकणस्थ घराण्यांचं कुलदैवत. पुण्या-मुंबईहून, बेळगाव-इंदूरहून कुळाची माणसं येतात, अभिषेक सांगतात, समुद्र बघतात, जमलं तर हेदवीच्या दशभुज गणपतीला जाऊन येतात आणि घरगुती जेवणाची पाटी बघत बघत काकूच्या पडवीत शिरतात. जेवण चांगलं असतं. आमटी, उकडीचे मोदक, सोलकढी, सगळं यथास्थित. फक्त वाढताना काकूची नजर पानाकडे नसते.

एकदा पुण्याच्या एक बाई बसल्या होत्या. मोदकावर तूप वाढता वाढता काकू म्हणाली, "उजव्या बुगडीचं मळसूत्र झिजलंय हो तुमच्या."

बाई दचकल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"दोरा गुंडाळलाय ना फिरकीला? टोक दिसतंय मागून."

बाईंनी कानाला हात लावला तो जेवण होईपर्यंत काढला नाही. मळसूत्राचे आटे गुळगुळीत झाले, की फिरकी घसरू नये म्हणून आपल्या आज्या त्यावर दोऱ्याचे दोन वेढे देत. ते चालतंही. पण काकूच्या मते तो दोरा म्हणजे बुगडी हरवायची आगाऊ सूचना. तूप वाढून झाल्यावर तिनं आणखी विचारलं, "घरी अजून काय काय पडलंय?" हा तिचा आवडता प्रश्न. "काय आहे" असं ती कधी विचारत नाही. आणि या प्रश्नाला उत्तर येतंच, याचं मला अजून नवल वाटतं. बँकेला न सांगितलेलं, नवऱ्याला न सांगितलेलं लोक ताकभाताच्या वेळी काकूला सांगून मोकळे होतात. पुढच्या खेपेला ती पिशवी घेऊन येतात.

पिशवी उघडण्याचा विधी दुपारचा. भांडी आवरलेली, काका घोरत पडलेले, मांजर बाहेर काढून माजघराचं दार लावलेलं. पंखा बंद. मोठ्या ताटात काकांचं मऊ झालेलं जुनं धोतर दुहेरी अंथरायचं, म्हणजे सुटा मोती घरंगळत नाही. ताटाभोवती कुणी चालायचं नाही. जांभई द्यायची असेल तर तोंड फिरवून द्यायची. मग एकेक पुडी सुटते. काकू चष्मा कपाळावर चढवते, दागिना डोळ्यांच्या अगदी जवळ नेते, मागून बघते (पुढून बघणाऱ्यांना ती मनातल्या मनात शून्य मार्क देते), झाळ कुठे सुटलीय, तार कुठे पातळ झालीय, रेशीम कुठे कुजलंय ते बोटानं चाचपते आणि बराच वेळ गप्प राहून सांगते, "जीव आहे त्यात अजून."

हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की तिनं एखाद्या दागिन्याला "गेला" म्हटल्याचं मला आठवतच नाही. एकदा नुसती तार आणि तिला चिकटलेला एक खडा आला होता. तेव्हाही तिनं तेच म्हटलं. त्या तारेची पुढे नथ झाली.

मग मोजणी. मोती दोघांनी मोजायचे, मोठ्यानं. एकट्यानं मोजलेले मोती काकूच्या हिशेबी मोजलेलेच नसतात. मोजून झाले की एलआयसीच्या जुन्या डायरीत नोंद होते: नग, वजन, मोती किती, त्यातले चिरलेले किती, खडे कुठल्या रंगाचे, पूर्वी झाळलंय का. वजन ती लिहिते ग्रॅममध्ये, बोलते मात्र तोळ्या-गुंजांत. तोळ्याला ११.६६ ग्रॅम आणि तोळ्याच्या गुंजा शहाण्णव, हा हिशेब तिच्या जिभेवर असतो. सोनार पोरगं काट्यावरचे तीन दशांश वाचून दाखवतं, त्यावर ही म्हणते, "म्हणजे दोन गुंजा कमी भरलं." पोरगं कॅल्क्युलेटर काढतं. दोन गुंजा कमीच असतात.

आता धुणं. याबाबतीत काकू हुकूमशहा आहे. सोन्याला रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश. मोत्याला तेही नाही, ओल्या मलमलीनं पुसायचं आणि कोरड्यानं टिपायचं. कारण मोती भिजला तर बिघडत नाही, पण आतलं रेशीम पाणी पितं आणि कुजतं. खडे मागून बंद बसवलेले असले तर पाण्याचा थेंबसुद्धा नको, खड्याखालची चकाकी पाणी शिरलं की काळवंडते. टूथपेस्ट, सोडा, चिंच आणि लिंबू या चार वस्तू दागिन्याच्या दहा हात जवळ आणायच्या नाहीत. आमच्या एका भाचीनं कुठल्याशा व्हिडिओत बघून तन्मणी लिंबाच्या पाण्यात ठेवला होता. काकूनं तिला ओरडायचं सोडून किनाऱ्यावरून एक शिंपला आणायला सांगितला, कुटला आणि वाटीतल्या लिंबाच्या रसात टाकला. बारीक बारीक बुडबुडे यायला लागले. "शिंपला तोच, मोती तोच. चुनाच तो. आता बस लिंबू त्याला कसं खातंय ते बघत." भाची केमिस्ट्रीची पदवीधर होती.

चूक तशी तिची एकटीची नाही. जुना दागिना चकचकीत व्हावा असं सगळ्यांनाच वाटतं. काकूला मात्र तो चकचकीत नकोच असतो. तो अंगावर चढला की तिला पुरे. हा फरक कळायला आमच्या घराण्याला एक पिढी लागली.

दुरुस्तीसाठी ती चिपळूणला जाते. एसटीनं शृंगारतळी, मार्गताम्हाणे करत. मांडीवर पिशवी, पिशवीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. दुकानाचं नाव मी सांगत नाही, कारण तिथल्या मालकाला काकू आली की कुठेतरी जायचं आठवतं आणि त्याची बदनामी करायची माझी इच्छा नाही. काकू गल्ल्यासमोर थांबतच नाही. आत, पडद्यामागे, जिथे कारागीर बसतात तिथे एक स्टूल आहे, ते तिचं. कामावर एक बंगाली पोरगा आहे. कोकणातल्या सराफाकडे बंगाली कारागीर ही आता नवलाची गोष्ट नाही, मुंबईच्या झवेरी बाजारातही बारीक कामाचे हात बरेचसे त्यांचेच. या पोराशी काकू हिंदीत बोलते. ते हिंदी असं: "बेटा, झाळ इतना पातळ मारना, की मेरे आजेसासूबाई को भी नहीं दिसना मंगता." पोरगा मान हलवतो आणि झाळ खरंच दिसत नाही.

तिच्या त्या स्टुलामागेही इतिहास आहे. फार वर्षांपूर्वी एका दुकानात (वेगळ्या, तेही बेनामीच राहू दे) तिनं सासूबाईंची पाटली सांधायला दिली. जुन्या पाटल्या बऱ्याचदा पोकळ असतात. वर सोन्याचा पत्रा आणि आत लाख. पत्रा चेपू नये म्हणून लाख भरतात, बोरमाळेच्या मण्यांतही ती असते. सांधायचं तर आधी लाख काढावी लागते, झाळून झालं की पुन्हा भरावी लागते. त्या गृहस्थांनी थेट जाळ धरला. लाख उकळली, फटीतून काळी धार आली आणि पाटलीच्या पोटाला खड्डा पडला. "भट्टीत काय चाललंय ते बघायला मी नव्हते," काकू म्हणते. तेव्हापासून ती असते. काम सांगायच्या आधी तिचा प्रश्न ठरलेला, "आधी लाख काढणार ना?" उत्तर देताना समोरचा एक क्षण जरी रेंगाळला तरी पिशवी परत डब्याखाली जाते.

डागिना मोडायचं नाव मात्र तिच्यासमोर काढायचं नाही. २०२५ साली सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेलं, तेव्हा आमच्या घरात एकदम सगळ्यांना सुटसुटीत जगण्याची ओढ लागली. जुनं देऊन नवं घ्या, हे दुकानांचं म्हणणं घरच्या घरीच ऐकू यायला लागलं. काकूनं त्या दिवाळीत सगळ्यांना समोर बसवून हिशेब मांडला. मोडीत वजन धरतात ते नुसत्या सोन्याचं. झाळेत हिणकस मिसळलेलं असतं, म्हणून वितळवल्यावर कस खाली येतो, ती घट तुमची. घडणावळ तुमच्या पणजीनं दिली, ती गेली. नव्याची घडणावळ तुम्ही देणार, ती आणखी गेली. आणि मोती? मोती पुडीत बांधून परत देतात, "याला काही येत नाही" म्हणून. "मोडायला अक्कल लागत नाही, नुसता जाळ लागतो," हे तिनं शेवटी म्हटलं आणि चकलीचा डबा पुढे सरकवला. पुतण्यांपैकी एकानं धीर करून हॉलमार्कचा मुद्दा काढला. जून २०२१ पासून सराफांना टप्प्याटप्प्यानं तो सक्तीचा झाला आहे, आपल्या जुन्यावर तर शिक्काच नाही. काकू म्हणाली, "विकणाऱ्याला शिक्का लागतो. घालणारीला कान लागतात." कायद्याच्या दृष्टीनं हे बरोबर आहे, घरातला जुना दागिना ठेवायला किंवा घालायला शिक्का लागत नाही. मी नंतर खात्री करून घेतली. तिला तसं सांगितलं नाही.

काही बाबतींत तिचं ज्ञान माहेरून आलेलं असतं आणि तिथे पुराव्याचं काही चालत नाही. उदाहरणार्थ, घरातला प्रत्येक मोती बसऱ्याचा. इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती बसऱ्याच्या बाजारातून यायचे, म्हणून बसरा मोती. जपानात मिकिमोतोनं १८९३ साली शिंपल्याकडून ठरवून मोती करवून घेतला आणि पुढच्या तीन-चार दशकांत आखातातला तो धंदा बसला, एवढं सगळं तिला ठाऊक आहे. फक्त आपल्या घरात जपानी मोती शिरला असेल, हे ती मान्य करत नाही. "दाभोळ किती लांब इथून? तिथेच उतरले असणार," हा तिचा युक्तिवाद. दाभोळ हे बहमनी काळातलं मोठं बंदर होतं आणि आखाताशी त्याचा व्यापार होता, हे खरंच आहे. पोर्तुगीजांनी ते १५०८ साली जाळलं आणि आमचा सगळ्यात जुना दागिना त्यानंतर तीनशेहून जास्त वर्षांनी घडला, हेही खरं आहे. दोन्ही खऱ्यांपैकी काकू पहिलं ठेवून घेते.

शेवटी मुंबईच्या एका भाच्यानं हट्टानं एक सर प्रयोगशाळेत नेऊन एक्स-रे काढून आणला. नैसर्गिक आणि पिकवलेला मोती वरून सारखाच दिसतो, आतले थर बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. निकाल आला: काही नैसर्गिक, काही पिकवलेले आणि मधले दोन चक्क काचेचे. आम्ही सगळे श्वास रोखून होतो. काकूनं डायरी उघडली, त्या सराच्या नोंदीत लिहिलं, "दोन काच," आणि ओवायला देताना ते दोन्ही मणी होते त्याच जागी घालायला सांगितले. पणजीनं अडचणीच्या दिवसांत दोन मोती विकून ते घातले असणार, असा तिचा अंदाज. "तिनं निभावलं ना त्यावर? मग काच पण घरचीच."

पुतळ्यांच्या माळेचंही असंच. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, जेमतेम साडेतीन ग्रॅमचं. व्यापारातून ते इथे आलं, लोकांना आवडलं आणि मग आपल्याकडच्या सोनारांनी त्याच्या नकलाही पाडल्या. नाण्यावर उभे आहेत ते संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, ज्याला तिथे दोजे म्हणत. काकूच्या मते उभा तो राम आणि बसलेला हनुमान. इंजिनिअर जावयानं मोबाइलवर मूळ नाण्याचा फोटो मोठा करून दाखवला. तिनं तो शांतपणे पाहिला. "गुडघ्यावर बसलाय, हात जोडलेत. हनुमान नाही तर कोण?" जावई अजून तिच्याकडे जेवायला येतो, पण पुतळ्यांचा विषय काढत नाही.

डबीत एक अंगठी आहे जिच्याकडे ती जरा कमी मायेनं बघते. मोठ्या नणंदेच्या साखरपुड्याची. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आलं, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना. चौदा कॅरेटपेक्षा वरच्या कसाचा नवा दागिना घडवायला बंदी आली आणि देशभरातल्या सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. कसाची अट तीन-चार वर्षांत गेली, पण सुवर्णनियंत्रणाचा कायदा १९९० पर्यंत होता. त्या तीन-चार वर्षांत ज्यांची लग्नं ठरली त्यांच्या वाट्याला चौदा कॅरेट आलं. अंगठी अजून ठणठणीत आहे, कारण हिणकस सोनं कडक असतं. काकू तिला पुसते, पुडीत घालते आणि म्हणते, "बिचारी." अंगठीला की नणंदेला, ते तिनं सांगितलेलं नाही.

या बाईचा सगळ्यात मोठा शत्रू चोर नाही. तिचा शत्रू लॉकर आहे. दुरुस्त केलेला डागिना परत देताना ती वचन घेते, वर्षातून किमान चार वेळा अंगावर येईल असं. आणि पुरावा मागते. सणावाराला फोटो आला नाही तर रात्री फोन येतो. "झोपलीस का गो? ठुशी कशी आहे?" मुलीची चौकशी ठुशीनंतर होते. आमच्यातल्या माणसांची ओळखही ती अशीच करून देते. मी "नथीवालीचा धाकटा". माझा भाऊ बँकेत मोठ्या पदावर आहे, तोही नथीवालीचाच, फक्त थोरला. देशावर गौरी उभ्या राहतात, त्यांना दागिने चढतात. आमच्याकडे गौर खड्यांची, नदीवरून किंवा विहिरीवरून आणलेले खडे. काकूनं यावरूनही मुद्दा काढला आहे, "देवीला नको आहेत म्हणजे माणसांनीच घालायचे."

पण ती हट्टी असली तरी सोवळी नाही. "घाट बदलायचा नाही, पकड बदलली तर चालेल," हा तिचा नियम आहे आणि मला तो जुन्या वस्तूंबद्दलच्या कित्येक भाषणांपेक्षा शहाणा वाटतो. आताच्या मुलींच्या कानाच्या वरच्या पाळीला भोक नसतं, बुगडीला चाप बसवा. नाक टोचलेलं नाही, नथीला चाप लावा. मनगट पणजीपेक्षा रुंद झालं आहे (पणज्या कशा होत्या कोण जाणे, त्यांच्या पाटल्या आता सातवीतल्या मुलीला होतात), तर पाटली कापा, बिजागरी आणि मळसूत्र लावा. फक्त भर घालायचं सोनं जुन्याच्या कसाचं हवं, नाहीतर सांधा रंगानं वेगळा दिसतो. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' आला आणि सगळ्या महाराष्ट्राला एकदम नथी हव्याशा झाल्या, तेव्हा काकूकडे पिशव्यांची रीघ लागली. सिनेमा तिनं पाहिला नाही. "नथी बाहेर आल्या ना? मग चांगलाच असणार."

न्यू जर्सीतल्या नातसुनेनं ऑफिसच्या पांढऱ्या शर्टावर ठुशी घालून फोटो पाठवला, त्या दिवशी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हाहाकार झाला. शर्टावर! पँट! कपाळाला टिकली नाही! सगळे काकूच्या निकालाची वाट बघत होते. काकूनं फोटो मोठा करून मागितला, गोफाची गाठ कुठे बसलीय ते बघितलं आणि निरोप टाकायला लावला, "मागची गाठ एक बोट वर घे. छान दिसतेस."

लग्नात तिच्याइतकी त्रासदायक पाहुणी दुसरी नाही. कमरेला सुईदोऱ्याची पुरचुंडी, नजर नवरीच्या गळ्याकडे. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं ऐन रंगात, आणि ही पुढे होऊन नवरीच्या मानेवर हात फिरवते, कारण तन्मण्याचं खोड, म्हणजे मधलं पदक, फिरलेलं तिला सहन होत नाही. फोटोग्राफर हात जोडतो, गुरुजी आवाज चढवतात. काकू खोड सरळ करून, अक्षता टाकून, जागेवर येऊन बसते. आम्ही सगळे वैतागतो. मग वर्षभरानं अल्बम बघताना लक्षात येतं, की तन्मणी सगळ्या फोटोंत सरळ आहे.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या घरात अजून मिटलेली नाही. जुन्या वाटणीत आमच्या पूर्वजांनी अपार न्यायबुद्धी दाखवली होती. मोहनमाळेचे मणी निम्मे-निम्मे केले, ते एकवेळ समजू शकतं. पण सात मोत्यांच्या कुड्यांची एकच जोडी होती, तर थोरल्या घराला एक कुडी आणि धाकट्या घराला एक कुडी दिली. जावाजावांनी एकेक कान घेऊन काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. धाकटी पाती पुढे बेळगावला गेली आणि संबंध पातळ होत होत संपले. आमची कुडी काकूकडे होती. दर महिन्याला पुसली जायची आणि परत डबीत जायची. एकटी कुडी घालणार कोण?

महाशिवरात्रीच्या जत्रेला बेळगावचं एक कुटुंब आलं. काकूच्या पंगतीला बसलं. भात वाढून झाल्यावर काकू थबकली आणि ताक वाढायचं विसरली. काकूला मुकी झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. त्या बाईंच्या गळ्यात साखळी होती आणि साखळीत सात मोत्यांचं पदक. सहा भोवती, एक मध्ये, मधला जरा गुलाबी झाक मारणारा. हात धुऊन झाल्यावर काकूनं डबी आणून त्यांच्यापुढे उघडली. कुणी काही बोललं नाही. मग त्या बाईंनी साखळी काढली आणि पदक डबीतल्या कुडीशेजारी ठेवलं.

त्यांच्या आजीनं कुडीची दांडी कापून वर कडी लावून घेतली होती, म्हणून ती गळ्यात घालता येत होती. काकूनं उलटी करून तारकाम पाहिलं. कुडीचे मोती सोन्याच्या बारीक तारेनं मागच्या जाळीला बांधलेले असतात. दोन्हींची बांधणी एकाच हातची, शेवटचा पीळ दोन्हीकडे डावीकडे. मग नाती लागली, पणजोबांची नावं निघाली, जे व्हायचं ते सगळं झालं. चिपळूणच्या त्या पोरानं नवी दांडी आणि फिरकी बसवून जोडी पुरी केली.

आणि मग काकूनं ती जोडी बेळगावला देऊन टाकली.

आमच्या घरात भूकंप झाला. निम्मी तरी किंमत घ्यायची, निदान विचारायचं तरी, थोरल्या घराचा मान, वगैरे. काकू म्हणाली, "आपली कुडी इतकी वर्षं डबीत होती. त्यांची गळ्यात होती. मग कुणाची?" यावर अजूनही दोन तट आहेत. मी काकूच्या बाजूचा आहे, पण घरच्या जेवणाला बसल्यावर मोठ्यानं बोलत नाही. बेळगावहून दर दिवाळीला फोटो येतो, दोन्ही कानांचा. काकू तो डायरीत चिकटवून ठेवते. डायरीच्या शेवटच्या पानांवर, म्हणे, तिनं कुठला डागिना पुढे कुणाकडे जायचा तेही लिहून ठेवलंय. यादी कुणीही पाहिलेली नाही आणि गेल्या काही वर्षांत आमच्याकडच्या सगळ्या सुना सणावाराला न सांगता नटायला लागल्या आहेत.

तेव्हा वेळणेश्वरला कुलदैवताला जाणार असाल, तर दर्शन आणि अभिषेक आधी उरकून घ्या, काकूकडे नंतर जा. कानातल्या फिरकीचा दोरा घरीच सोडून या. मोडीचा भाव तिच्या पडवीत काढू नका, जेवण मिळेल पण मोदक एकच मिळेल. आणि मुक्कामाचं सामान बरोबर असू द्या, कारण पिशवी उघडली की मोती मोजून होईपर्यंत शेवटची एसटी गेलेली असते.